डाव्या खांद्याचा एक इंच

आमच्या घरात अकरा वर्षं एका इंचावरून अबोला होता. हसू नका. लोकांच्या घरी जमिनीवरून होतो, दागिन्यांवरून होतो, आमच्याकडे इंचावरून झाला. आणि तोही माझ्या सासरेबुवांच्या डाव्या खांद्याचा.

सासरे शिंपी. म्हणजे खरं तर अर्धे शिंपी. दुकान दोघा भावांचं होतं. धाकटे काका कापायचे आणि सासरे शिवायचे. सासऱ्यांनी जन्मात कात्रीला हात लावला नाही, काकांनी दुकानात कधी मशीनच्या पायडलवर पाय ठेवला नाही. दुकान दोन गोष्टींसाठी सगळ्यांना माहीत होतं. एक, तिथला कपडा अंगाला असा बसायचा की माणूस घरी गेल्यावरही काढायला राजी नसायचा. आणि दोन, तो कपडा वेळेवर कधी मिळायचा नाही. "पुढच्या आठवड्यात या," हे दोघं एका सुरात म्हणायचे, वर बघायचेसुद्धा नाहीत. एका बाईंनी मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसासाठी चड्डी टाकली होती, ती हातात पडली तेव्हा पोराला मिसरूड फुटलं होतं म्हणतात.

तर माझं लग्न ठरलं, आणि काकांच्या मनात आलं की थोरल्या भावाला कोट द्यायचा. तोही गुपचूप, माप न घेता, नुसत्या नजरेनं कापून. शिवलाही त्यांनीच, शेजारणीच्या मशीनवर, महिनाभर बोटं टोचून घेत. आणि चमत्कार म्हणजे तो वेळेवर झाला! लग्नाच्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी कोट घातला, आरशात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. डावा खांदा उजव्यापेक्षा एक इंच खाली कापलेला.

"हे काय? मी वाकडा आहे?"

"कोट सरळ आहे," काका म्हणाले. "माणूस वाकडा आहे."

हे माझ्या माहेरच्या चाळीस माणसांसमोर. सासऱ्यांनी कोट काढला, घडी घातली आणि नुसत्या सदऱ्यावर लग्नाला उभे राहिले. तो दिवस आणि पुढची अकरा वर्षं, भाऊ भावाशी बोलला नाही. माझ्या पायगुणाची चर्चा किती झाली असेल ते मी सांगत नाही, उगाच माझा पारा चढतो.

दुकानाची वाटणी झाली. काकांनी कात्री नेली, सासऱ्यांनी मशीन आणलं. वर्षभर लोक कापड घेऊन मागच्या गल्लीत काकांकडे जायचे, कापून घ्यायचे, आणि ते तुकडे काखोटीला मारून आमच्याकडे शिवायला यायचे. दोघं गिऱ्हाईकाच्या तोंडून एकमेकांना टोमणे पाठवायचे. "त्याला म्हणावं, बाही नीट लाव." "त्याला म्हणावं, आधी नीट काप." शेवटी गिऱ्हाईकांनीच हात टेकले आणि तयार कपडे घ्यायला लागली.

आता घरातली बाकीची माणसं सांगते. नवरा फरशा बसवतो. जगातली प्रत्येक गोष्ट सपाट असावी एवढीच त्याची अपेक्षा, बाकी तो कशात नसतो. मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. दिवसभर उघडी तोंडं आणि घरी आले की मिटलेली. मुलगी सात वर्षांची, तिला आम्ही मुकादम म्हणतो, का ते कळेलच. मुलगा चार वर्षांचा, तो कायम तिच्या मागे, म्हणून शेपूट. मुलं काकांना 'कापणारे आजोबा' म्हणतात. नवीन माणसाला हे ऐकून धडकी भरते.

पानगळ सुरू झाली त्याच सुमारास, एका शनिवारी, काका दवाखान्यात कवळी घट्ट करून घ्यायला आले. चष्म्याची भिंगं आता बाटलीच्या बुडाएवढी जाड झालेली. खुर्चीत बसायच्या आधी माझ्या टेबलाशी थांबले.

"पुढच्या रविवारी लेक न्यायला येतेय मला. कायमचा जातोय."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. लेक राहते तिथे जायला पुरा दिवस लागतो. ह्या वयात गेलेला माणूस परत काय येणार!

"काका, बाबांना सांगू?"

"मी सांग म्हणालो का?" मग जरा थांबून, "सांगितलंस तर मी काय तुझं तोंड धरणार आहे?"

मी जेवताना सांगितलं. सासऱ्यांनी घास चावला, गिळला, पाणी प्यायले.

"भाजीत मीठ कमी आहे," म्हणाले.

भाजीत मीठ कमी नव्हतं. मी स्वतः घातलं होतं. दोघं म्हातारे असे एकमेकांकडे पाठ करून जाणार, आणि शेवटी एकाला दुसऱ्याची बातमी फोनवरून कळणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि सुरुवात माझ्याच लग्नात झालेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मागच्या वाफ्यात मी वाटाणे पेरले होते, त्यांना कोवळे कोंब आले होते आणि पाखरं ते मुळासकट उपटत होती. मुकादम कमरेवर हात ठेवून वाफ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बुजगावणं लागेल." लगेच कामं वाटली. बापाला काठ्या बांधायला लावलं. मला उशीचा जुना अभ्रा मागितला, डोक्यासाठी. शेपटाला पानं गोळा करायला लावलं. गल्लीतल्या झाडांनी रस्ताभर पानं टाकलेली, तो मिठी मारून आणायचा, अर्धी वाटेत सांडायचा आणि सांडलेली वेचायला परत जायचा. आजोबांच्या बटणांच्या डब्यातून दोन काळी बटणं डोळ्यांना आली. नाकाला तिनं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान चिकटवलं. तोंड रंगवलं ते एका बाजूनं हसणारं आणि दुसऱ्या बाजूनं रागावलेलं, कारण अर्धं शेपटानं रंगवलं होतं.

"कोट कुठून आणला गं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला. बाई गं! ट्रंकेच्या तळाशी अकरा वर्षं घडी न मोडलेला कोट बुजगावण्याच्या अंगात होता.

तेवढ्यात सासरे मागच्या दारात आले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवरा उगाचच काठी मोजायला लागला. सासऱ्यांनी कोटाकडे बराच वेळ पाहिलं.

"खांदे नीट भरा," म्हणाले. "दोन्ही सारखे."

त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही, पण दहा मिनिटांत कळलं. सरळ खांद्यांच्या अंगावर हा कोट वाकडा दिसतो, हे जगाला एकदाचं दाखवायचं होतं. पण बुजगावणं बरोब्बर त्यांच्या मापाचं हवं, नाहीतर पुरावा कसला? आता शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. माप घ्यायचे काका. म्हणून त्यांनी तोंडपाठ असलेलं माप सांगायला सुरुवात केली. छाती अडतीस, कंबर तीस.

"बाबा, कंबर तीस?"

"तीस."

"कधीची?"

"पंचविसाव्या वर्षी घेतलेली. माप काय बदलतं?"

तर आमच्या वाफ्यात पंचवीस वर्षांचे सासरे उभे राहिले. छाती पुढे, पोट आत, आणि खांदे आडव्या रेघेत. एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी नवऱ्याची पाणसळ मागवली, फरशी सपाट आहे का बघायची ती काचेची नळी असते ना, आत पाणी आणि बुडबुडा, तीच. बुजगावण्याच्या खांद्यांवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

"बघा! आता सांगा, कोट कसा दिसतो?"

वाकडा दिसत होता. डाव्या खांद्याशी चोळामोळा होऊन वर चढला होता. सासरे इतके खूश झाले की रात्री भाजीत मीठही बरोबर निघालं.

सोमवारी संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तर सासरे वाफ्यात उभे, हातात टेप, चेहरा लाल.

"सूनबाई, खांदा उतरला!"

डावा खांदा बरोब्बर एक इंच खाली आलेला, आणि कोट त्यावर असा बसलेला की एक चुणी शोधून सापडू नये. सासऱ्यांनी शेपटाला पानं आणायला पिटाळलं, खांदा ठासून भरला, पाणसळ लावली. मंगळवारी संध्याकाळी परत उतरलेला. ओली पानं बसतात, वाऱ्यानं काठी हलते, मांजर चढत असेल, अशी कारणं झाली. नवऱ्याला काठीला खिळा मारायला लावला. शेपूट मधेच म्हणालं, "कापणारे आजोबा दाबतात." पण शेपटाचं बोलणं कोण मनावर घेतं? आदल्या आठवड्यात त्यानं आपल्या न्हाणीत घोडा राहतो असंही सांगितलं होतं.

बुधवारी मला अर्धी सुटी असते. सासरे दुपारी तीन ते चार झोपतात, घड्याळ चुकेल पण ते चुकायचे नाहीत. मी झारी घेऊन कोबीला पाणी घालत होते. मागच्या गल्लीत उघडणारं कुंपणाचं फाटक वाजलं आणि काका आत आले. मी कोबीमागे बसलेली, त्यांना दिसले नाही. ते सरळ बुजगावण्याजवळ गेले, डाव्या खांद्यावर हात ठेवून सगळा भार त्यावर टाकला आणि बोलायला लागले.

"आज भांडी बांधली. दोन कप ठेवलेत बाहेर. लेक म्हणते, तिकडे सगळं आहे, काही आणू नका. कात्री तेवढी राहिलीये. नेली तर तिकडे तिनं भाजी कापतील. चाळीस वर्षं कापडाशिवाय काही कापलं नाही तिनं, कागदसुद्धा नाही."

मला वाटलं, डोळे गेले बिचाऱ्यांचे, भाऊ समजून बोलतायत. उठून सांगावं की काका, ते पानांचं आहे. पण तेवढ्यात ते पुढे बोलायला लागले.

"आणि हा खांदा," त्यांनी त्यावर थोपटलं, "हा मला ठाऊक नसेल तर कुणाला? सात वर्षांचा होईपर्यंत मी ह्याच्यावरच होतो. शाळेत जाताना बसायचो, येताना झोपायचो. आई ओरडायची, उतरव त्याला, वाकडा होशील. तू म्हणायचास, नाही होत." मग खांदा आणखी थोडा दाबला. "झालास."

ते गेले. झारी कधीच रिकामी झाली होती आणि मी ती धरून बसले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला भयंकर राग येतो. चारच्या ठोक्याला सासरे उठले तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि शब्दन् शब्द सांगितला.

"बसायचा खरा," ते हळूच म्हणाले. "जड होता." मग एकदम ताठ झाले. "पण मी वाकडा झालो नाही."

"बरं."

"भाजी कापणार? त्या कात्रीनं?"

"तसं म्हणाले."

"भाजी?" ते खाटेवर परत बसले. संध्याकाळी खांदा भरायला ते वाफ्यात गेले नाहीत.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी म्हणाले, "बाबा, जाऊन या ना, दोन मिनिटांची गल्ली." तर म्हणे, "मी कशाला? तो काय मला भेटायला येतो? त्या भुसकट माणसाला भेटायला येतो." शनिवारी दुपारी शेवटी मुकादमच वैतागली.

"मग आजोबा, तुम्हीच बुजगावणं व्हा ना. प्रश्न मिटला."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, एकाहत्तर वर्षांचा तो हट्टी माणूस उठला. बुजगावण्याच्या अंगातला कोट काढला, झटकला आणि स्वतः घातला. नवऱ्यानं पानांचा माणूस उचलून न्हाणीत ठेवला. सासरे वाफ्यात हात पसरून उभे राहिले. शेपटानं त्यांच्या बाह्यांत मूठ मूठ पानं कोंबली. "नाहीतर खोटं वाटेल." मुकादमनं नाकावर अंगुस्तान बसवलं. ते शिंकले, ती ओरडली, "बुजगावणं शिंकत नाही!"

मग ती स्टूल घेऊन आली, वर चढली आणि कुणी न सांगता तिनं पाणसळ त्यांच्या खांद्यांवर ठेवली.

"आजोबा, बुडबुडा पळाला."

"हलवलीस तू."

"नाही हलवली."

"पाणसळ बिघडलीये."

नवरा जन्मात कशात नसतो, पण पाणसळीला नावं ठेवलेली त्याला खपली नाही. त्यानं ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध. परत बापाच्या खांद्यावर ठेवली. बुडबुडा उजवीकडे जाऊन टोकाला बसला. सासऱ्यांनी मान वळवून डाव्या खांद्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग समोर बघत उभे राहिले. कोटाला एक चुणी नव्हती.

तीन वाजले. आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या खिडकीत एकमेकांवर चढून उभे. एक चिमणी सासऱ्यांच्या मनगटावर बसली, तरी ते हलले नाहीत. फाटक वाजलं. काका आले, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. जवळ येऊन त्यांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला. मग हात तसाच थांबला. बोटं मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, अंगठ्यानं काहीतरी मोजलं.

"सव्वा," काका म्हणाले. "तेव्हा एक होता. आता सव्वा झालाय."

बुजगावण्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अंगुस्तान गळून वाटाण्यात पडलं.

"तुला कसं कळलं मी आहे?"

"बोटं गेली नाहीत माझी, डोळे गेलेत. पानं कुठली आणि हाड कुठलं, कळत नाही होय?"

"मग रोज त्या पानांशी काय बोलत होतास?"

"ते मधे मधे बोलत नव्हतं," काका म्हणाले.

खिडकीत माझा नवरा हसला. मी त्याला कोपरानं ढोसलं.

काकांनी फडकं सोडून कात्री काढली आणि सासऱ्यांच्या पसरलेल्या हातात ठेवली. सासऱ्यांनी ती घेतली नाही. हात पसरूनच म्हणाले, "पाव इंच कमी पडतोय कोट."

"दिसतंय मला."

"मग दुरुस्त कर. कापलास तू."

"उद्या जायचंय मला."

"ते मला काय सांगतोस? गिऱ्हाईकाला सांगतं का कुणी असं?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिशातून खडूचा तुकडा काढला, हा माणूस अजून खिशात खडू ठेवतो, आणि डाव्या खांद्यावर रेघ ओढली.

रविवारी सकाळी लेक गाडी घेऊन आली, काकांची बोचकी आणि पेट्या चढवल्या आणि त्यांना शोधत आमच्याकडे आली. काका आमच्या घरात जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर कोट उसवून पडलेला, बाह्या वेगळ्या, अस्तर वेगळं, कॉलर शेपटाच्या डोक्यावर. सासरे मशीनला तेल घालत होते. मुकादम भिंतीशी उभी राहून कुणी कुठल्या तुकड्यावर पाय देतं का ते बघत होती.

"बाबा! हे काय? निघायचंय ना आपल्याला?"

"कसा येऊ? गिऱ्हाईकाचा कपडा अडकलाय."

"एका कोटासाठी?" तिनं कपाळाला हात लावला. "बरं. कधी होईल?"

दोघा भावांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"पुढच्या आठवड्यात," दोघं एका सुरात म्हणाले.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. तिचं सगळं लहानपण त्या दुकानात गेलं होतं. तिनं पर्समधून मागच्या गल्लीतल्या घराची किल्ली काढली, बापाच्या शेजारी जमिनीवर ठेवली आणि गाडीतलं सामान उतरवायला गेली.